सेलूच्या घाण्यासाठी करंट खातं

ताई, तुम्ही आणि तुमची धाकटी जाऊ मिळून सेलूत करडई-शेंगदाण्याचा लाकडी घाणा टाकताय आणि करंट खातं कुठं काढावं असं विचारलंय. सध्या ऑर्डरीचे पैसे तुमच्या सेव्हिंगवर येतात. घरचे म्हणतात ओळखीच्या पतसंस्थेत काढा, पुतण्या म्हणतो मोठ्या खासगी बँकेत, ॲप चांगलं आहे. माझं जिंतूरला मोटार रिवायंडिंगचं आणि पंपाच्या सामानाचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत चार ठिकाणी खाती काढली, त्यातली दोन बंद केली. म्हणून सविस्तर लिहितो.

बँकेचं नाव शेवटी ठरवा. आधी एका कागदावर तुमचा पैसा वर्षभर कसा फिरणार ते मांडा. करडई निघते फेब्रुवारी-मार्चात. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आवक असते तेव्हाच तुम्हाला वर्षाचं बी भरून ठेवावं लागेल. म्हणजे जानेवारीत खात्यात पैसा, मार्चअखेर खातं कोरडं, आणि पुढं तेल विकून पाचशे-हजारानं ते हळूहळू भरत जाणार. ज्याचा किराणा रोज सारखा चालतो त्याला जे खातं जमतं ते तुम्हाला जमेलच असं नाही.

याचा संबंध थेट मिनिमम बॅलन्सशी येतो. करंट खात्यावर व्याज मिळत नाही, उलट सरासरी शिल्लक राखली नाही तर दंड लागतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ही सरासरी रोजच्या दिवसअखेरच्या शिलकेची असते. समजा बँकेची अट १० हजारांची आहे. तुमच्याकडं जानेवारी-फेब्रुवारीत रोज २० हजार राहिले आणि मार्चभर शून्य. बँक तिमाही सरासरी धरत असेल तर ती १३ हजारांच्या आसपास येते, दंड नाही. तीच बँक महिन्याची सरासरी धरत असेल तर मार्चचा दंड बसला. म्हणून ‘किती ठेवायचे’ एवढंच विचारून उठू नका, ‘महिन्याची का तिमाहीची’ हेही विचारा. महिन्याची असेल तर एक उपाय आहे: ३० हजार रुपये दहा दिवस हलवले नाहीत तरी तीस दिवसांच्या महिन्याची १० हजारांची सरासरी पूर्ण होते. मी स्वतः कितीतरी महिने असं केलंय.

दुसरी गोष्ट रोख. ॲपवाला पुतण्या इथंच चुकतोय. आपल्याकडं तेल न्यायला आलेला माणूस अजून निम्मे पैसे नोटांत देतो, बाजाराच्या दिवशी तर जास्तच. त्या नोटा कुठं भरायच्या? माझं पहिलं करंट खातं परभणीच्या एका शाखेत होतं, बँक मोठी, माणसं गोड बोलणारी. सहा महिन्यांनी पासबुक छापून घेतलं तर मधेमधे बारीक बारीक रकमा कापलेल्या. विचारल्यावर कळलं, ठरावीक मर्यादेच्या वर रोख भरली की नोटा मोजायचा आकार, मूळ शाखा सोडून दुसरीकडं भरली की वेगळा आकार. हे सगळं मी सही केलेल्या दराच्या पत्रकात होतं, मी वाचलं नव्हतं. वर बसचं भाडं आणि अर्धा दिवस दुकान बंद, ते निराळंच. तुम्ही ते पत्रक घरी आणा, दोघी बसून वाचा आणि तीन आकडे लाल पेननं खुणा करून ठेवा: महिन्याला फुकट रोख किती भरता येते, फुकट चेक किती, दुसऱ्या शाखेत भरल्यास किती कापणार.

आता पतसंस्थेबद्दल. इथं मी थोडा थांबतो, कारण ही आमच्या घराला लागलेली गोष्ट आहे. दुकान बंद करायच्या वेळेला पतसंस्थेचा पिग्मीवाला, म्हणजे रोजची बचत गोळा करणारा, यायचा. ओळखीचा पोरगा, घरी चहापाणी. हातातल्या छोट्या मशिनीतून चिठ्ठी काढून द्यायचा, मी ती गल्ल्यातल्या डब्यात रबर लावून ठेवायचो. रोज दोनशे रुपये. महिन्याला सहा हजार, तीन वर्षांत दोन लाखांच्या पुढं. बँकेपेक्षा व्याज जास्त होतं आणि रांग नव्हती. एक दिवस पोरगा आला नाही. दुसऱ्या दिवशी शाखेला कुलूप आणि बाहेर तालुक्यातली निम्मी माणसं. तक्रार द्यायला पुरावा म्हणून डबा उघडला तर जुन्या चिठ्ठ्या कोऱ्या झालेल्या, त्या कागदावरची शाई उन्हाळ्यात उडून गेली होती. त्या रात्री बायको एक एक चिठ्ठी दिव्यापुढं धरून आकडा दिसतो का बघत होती. ते पैसे अजून आलेले नाहीत.

म्हणून हा फरक नीट समजून घ्या. पतसंस्था, मग ती मल्टिस्टेट, म्हणजे अनेक राज्यांत चालणारी, असो का गावातली, बँक नाही. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं चालणाऱ्या बँकेत, म्हणजे सरकारी, खासगी, ग्रामीण, नागरी सहकारी, जिल्हा मध्यवर्ती, तुमच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतल्या पैशाला हे कवच नाही, अध्यक्ष कितीही जवळचा असला तरी. घरच्यांना एवढं सांगा की ओळख ठेवा, पिग्मीसुद्धा शंभर-पन्नासची चालू ठेवा वाटलं तर, पण घाण्याचं भांडवल तिथं नको.

त्याच विम्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. तुम्ही एकटीच्या नावानं धंदा केला, म्हणजे प्रोप्रायटर म्हणून, तर त्याच बँकेतलं तुमचं सेव्हिंग आणि धंद्याचं खातं एकत्र धरून ५ लाख. भागीदारी फर्म केली तर फर्मचे ५ लाख वेगळे मोजतात. दोघींनी पैसे घातलेत तर मी म्हणेन भागीदारीच करा. स्टँपवर भागीदारी लेख करा, फर्मचं पॅन काढा आणि खात्यावर दोघींच्या सह्या ठेवा. ठरावीक रकमेपर्यंत कुणाही एकीची सही, त्यापुढं दोघींची, असं बँकेला लिहून देता येतं. आज तुमचं पटतंय आणि पटत राहो, पण कागद आजच करावा, आज तो हसत होतो.

बाकी कागदांचं फार अवघड नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे, दीड-दोन हजार मागणाऱ्या वेबसाइटी सरकारी नाहीत. शॉप ॲक्टला कामगार थोडेच असतील तर फक्त सूचना द्यायची असते. फूड लायसन तुम्हाला लागणारच. हैदराबाद-बिदरला कुरिअरनं तेल धाडणार असाल तर उलाढाल कितीही लहान असो, राज्याबाहेर विक्री म्हटलं की जीएसटी नंबर लागतो आणि त्याला फर्मचंच खातं जोडावं लागतं.

सेव्हिंगवर पैसे घेणं मात्र या आठवड्यात बंद करा. एक तर बँक त्या खात्यावर धंदा चालू देत नाही. त्याहून मोठं कारण सांगतो. हल्ली एखाद्या गिऱ्हाइकानं फसवणुकीतून आलेला पैसा यूपीआयनं तुम्हाला दिला, तर तक्रार झाल्यावर ती रक्कम रोखली जाते, कधी कधी पूर्ण खातंच गोठतं. तुमची काही चूक नसते, पण सुटायला दिवस जातात. तेवढ्यात लेकरांची फी आणि घरचं दूध त्याच खात्यावर अडकलं तर? धंद्याचा क्यूआर फर्मच्या खात्याचाच लावा, स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाला फर्मचं नाव दिसू द्या. पैसे आले की बोलून सांगणाऱ्या डब्याचं महिन्याचं भाडं किती ते आधी विचारा. करातही फायदा आहे: लहान धंद्याला अंदाजे नफा दाखवायची जी सोय आहे, तिच्यात रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के.

आता खरी निवड. वर्ष-दोन वर्षांनी तुम्हाला मार्चात बी भरायला सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं उचलायचं कर्ज, लागेल, हे धरून चला. सीसी देताना मॅनेजर आधी खात्यातली उलाढाल बघतो. लहान धंद्याला अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्क्यांपर्यंत खेळतं भांडवल, हा बँकांचा जुना हिशोब आहे. खात्यातून वर्षाला २० लाख फिरलेले दिसले तर ४ लाखांची गोष्ट करता येते. निम्मी विक्री सेव्हिंगवर आणि गल्ल्यात राहिली तर तुमच्याकडं दाखवायला काही नाही. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत १० लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, पण उलाढाल बघतातच.

तेव्हा माझं मत असं: घाण्यापासून चालत जाता येईल अशी सरकारी किंवा ग्रामीण बँकेची शाखा. महाराष्ट्र ग्रामीण बँकेचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि मे २०२५ पासून विदर्भ कोकणची ग्रामीण बँकही तिच्यातच आली. आपल्या जुन्या हैदराबाद बँकेच्या शाखा २०१७ पासून स्टेट बँकेत आहेत. दोन्हीकडं जाऊन बसा. सोमवारी अकराच्या सुमाराला जा, रोखीच्या खिडकीवर किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. मग मॅनेजरला एकच विचारा, ‘साहेब, तुमच्या शाखेनं मागच्या वर्षी लहान धंद्याला सीसी किती जणांना दिली?’ जो आकडा सांगून पुढं दोन प्रश्न तुम्हाला विचारेल, त्याच्याकडं खातं काढा. ॲपसाठी पुतण्याच्या आवडीची बँक दुसरं खातं म्हणून पुढं बघता येईल.

दोन्ही शाखांची दराची पत्रकं हातात आली की त्यांचे फोटो इथं टाका, मी ओळ न ओळ वाचून सांगतो. आणि घाणा सुरू झाला की पाच किलो करडईचं तेल जिंतूरला माझ्या नावानं लिहून ठेवा.