जुनी २६ इंची चाकांची स्टीलची माउंटन बाईक घ्यावी की नवीन २९ इंची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत नुकतेच राहायला आलायत, शेजारच्या गराज सेलमध्ये नव्वदच्या दशकातली २६ इंची रॉकहॉपर (स्पेशलाइज्ड कंपनीची माउंटन बाईक) १५० डॉलरला मिळतेय आणि ऑफिसातले सगळे म्हणतायत की वेडा आहेस का, २९ चीच घे. माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो, तुम्ही जिथे राहताय तिथेच हा सगळा प्रकार जन्माला आला. फेअरफॅक्स गावाच्या वरती रिपॅक नावाचा मातीचा उतार आहे, साधारण दोन मैलांत १३०० फूट खाली. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पहिली शर्यत झाली, आणि इथली सायकलवेडी पोरं चालवत होती काय तर भंगारातून उचललेल्या १९३०-४० च्या श्विन सायकली, पेपर टाकणारी मुलं वापरायची तसल्या, उलटं पायडल मारलं की ब्रेक लागणाऱ्या. खाली येईपर्यंत मागच्या हबमधलं (चाकाच्या मधल्या भागातलं) ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर वेळी हब उघडून नवीन ग्रीस भरायला लागायचं, म्हणून नाव रिपॅक. त्या भंगार सायकलींना २६ इंची जाड टायर होते, बस, एवढ्यावरून पुढची तीसेक वर्षं माउंटन बाईक २६ चीच राहिली. कोणी बसून आकडेमोड करून ठरवलेलं नव्हतं. हाताशी होतं ते वापरलं.

आणि २९ म्हणजे तरी काय, रोड बाईकच्या ७०० मापाच्या चाकाचीच ६२२ मिमीची रिम, त्यावर जाडजूड टायर. गंमत म्हणजे आपल्याकडे दूधवाले किटल्या अडकवून न्यायचे त्या काळ्या सायकलीचं २८ इंची चाक असतं ना, त्याची रिम ६३५ मिमीची, म्हणजे या २९ पेक्षा मोठी! फक्त टायर बारीक म्हणून पूर्ण चाक जरा लहान भरतं. त्यामुळे मोठं चाक हा नवीन शोध वगैरे नाहीये, बैलगाडीवाल्यालाही ते माहीत होतं.

आता "२९ कशावरूनही जाते" हे जे सगळे सांगतात त्याचा हिशोब मी एकदा कागदावर केला होता. समजा १० सेंमीचा दगड आडवा आला. २६ चं चाक टायर धरून साधारण ६६५ मिमीचं, २९ चं ७४० च्या आसपास. दगडाला चाक ज्या कोनात भिडतं तो कोन काढला तर पहिल्याचा येतो जवळजवळ ४६ अंश आणि दुसऱ्याचा ४३. तीन अंशसुद्धा नाही! मग २९ वर बसल्यावर एवढा फरक का जाणवतो, तर खरी जादू बाकीच्या गोष्टींत आहे. माझ्या जुन्या सायकलचा पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) जमिनीशी ७१ अंशांवर उभा, स्टेम (हँडल धरणारा आडवा दांडा) १२० मिमीचं लांब, हँडल जेमतेम ५८ सेंमीचं, म्हणजे उतारावर अख्खं वजन पुढच्या चाकावर आणि तुम्ही जवळजवळ हँडलच्या पुढे लोंबकळताय. नवीनचा फोर्क ६६ अंशांवर आडवा झालेला, स्टेम बोटभर, हँडल ७६ सेंमी, वर एका बोटात लागणारे डिस्क ब्रेक, खाली जाणारी सीट, आणि ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर ज्यात हवा निम्मीच ठेवता येते. याच भूमितीची आणि असेच ब्रेक असलेली २६ बनवली तर तीही मस्त चालेल, पण आता बनवतंय कोण.

एल्ड्रिज ग्रेड ऐकलंय का? इथल्या माउंट टॅम (टॅमलपायस) डोंगरावरून उतरणारा रुंद रस्ता आहे, वरच्या भागात सुटे दगड भरपूर. तिथून मी जुनीवर उतरलो तेव्हा अर्ध्यात पाण्याची बाटली उडून गेली, कँटिलिव्हर ब्रेक (रिमवर रबर दाबणारे जुन्या पद्धतीचे) असे किंचाळत होते की चढून येणारी एक बाई आधीच बाजूला होऊन उभी राहिली, आणि खाली पोचलो तर उजव्या हाताची बोटं हँडलवरून सुटेनात, डाव्या हाताने एकेक उघडावी लागली. पण हसत होतो हो मी, वेड्यासारखा. दोन आठवड्यांनी तोच उतार २९ वर केला आणि खरं सांगू, काही आठवतच नाही त्यातलं. बसलो, उतरलो, घरी आलो. इथल्या फायर रोडवर (वणवा विझवायच्या गाड्यांसाठीचे रुंद मातीचे रस्ते) सायकलला वेगमर्यादा आहे ताशी १५ मैल, वळणावर ५, आणि त्या वेगात नवीन सायकल जांभया देते.

याच्या उलट चायना कँप पार्कला, जिथे झाडाझाडांतून अरुंद पायवाट आहे आणि सायकलला परवानगीही आहे, तिथे मुळं आली की जुनी अडखळते आणि माझे खांदे दुखतात, २९ नुसती पोहत जाते. वळणावर मात्र जुनी चटकन वळते, २९ ला आधीपासून मनवावं लागतं. टॅमवर बहुतेक अरुंद वाटा सायकलला बंदच आहेत (याच्यावर इथे पिढ्यान् पिढ्या भांडणं चालू आहेत, त्यात पडू नका), म्हणजे तुमचं जास्त चालवणं फायर रोडवरच होणार, आणि त्यासाठी जुनी पुरते.

फक्त १५० डॉलरमध्ये काम भागेल असं समजू नका. टायर-ट्यूब, चेन, केबल, ब्रेक रबर धरून अजून तेवढेच जातील, तेही सगळं स्वतः केलं तर. २६ चे टायर आणि ७ गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) अजून आरामात मिळते. गिअरचा खटका दाबला आणि तो नुसता पोकळ हलतोय असं झालं तर घाबरू नका, आतलं ग्रीस तीस वर्षांत वाळून मेणासारखं झालेलं असतं, स्प्रे मारून मारून धुवायचं आणि पातळ तेल सोडायचं, दहापैकी नऊ वेळा टकटक सुरू होतं. ब्रेक बदलून व्ही-ब्रेक (रिमवरच लागणारे, पण नंतरच्या पद्धतीचे) लावा, त्याच खुंट्यांवर बसतात, पण लिव्हरही बदलायला लागते, जुन्या लिव्हरला केबल तेवढी ओढली जात नाही. इथे मी पैसे वाचवायला गेलो होतो आणि एका झुडपात गेलो.

बघायला जाल तेव्हा पुढच्या (हँडलखालच्या) नळीच्या मागे, खालून हात फिरवा, रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर कधीतरी समोरून जोरात आपटलेली आहे, घेऊच नका. रिमची बाजू बोटाला खोलगट लागली तर ब्रेकने खाल्लेली आहे, चाकाचा खर्च धरा. आणि सीटपोस्ट (सीटचा दांडा) हलतो का ते बघाच बघा. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिला की एकजीव होतो. माझ्या पहिल्या जुन्या सायकलचा असाच झालेला, तेल झालं, गरम पाणी झालं, बायको म्हणाली आता पूजा घाल, शेवटी दांडा वरून कापला आणि हॅकसॉचं नुसतं पातं आत घालून दोन संध्याकाळी किसत बसलो.

तर माझं मत, एकच सायकल घ्यायची असेल आणि दर रविवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर चायना कँपला जायचं असेल तर पैसे साठवून २९ ची साधी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) घ्या, कारण जुनीवर तुम्ही सतत मागे राहाल आणि दोन महिन्यांत सायकललाच शिव्या द्याल. पण हात काळे करायची हौस असेल, फायर रोड, बाजारहाट, मुलाला शाळेत सोडणं असं सगळं एकीवरच करायचं असेल, तर रॉकहॉपर उचला, आणि सिंगलट्रॅकला (अरुंद पायवाटेवर) जायच्या दिवशी २९ भाड्याने घ्या. सीटपोस्ट जाम निघाला तर सरळ ५० डॉलर कमी करून मागा. पातं माझ्याकडे अजून आहे, हवं तर कळवा.