मांजरांच्या हॉटेलात गल्ला का भरत नाही? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही ‘अ‍ॅनिमल रेस्टॉरंट’ या मोबाइल खेळाची ओळख करून दिली होती. जंगलातलं हॉटेल, तिथे कामाला लागलेलं गुमी नावाचं भटकं मांजर, जेवायला येणारे प्राणी आणि पैशांऐवजी कॉड मासे. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

सुरुवातीला खेळ भराभर पुढे गेला. आता एकेक वस्तू घ्यायला दोन-तीन दिवस लागतात. माझं काही चुकतंय का? (वाचक, चिपळूण)

वेग मंदावतो तो खेळाच्या रचनेमुळे. वस्तूंच्या किमती तुमच्या कमाईपेक्षा जास्त वेगाने वाढत जातात. पण बहुतेक जण मासे चुकीच्या ठिकाणी खर्च करतात आणि हा मंद वेग आणखी मंद करून घेतात.

तुमची कमाई दोन वाटांनी होते. एक म्हणजे गिऱ्हाईक बोलावून, ऑर्डर घेऊन, पदार्थ वाढून मिळणारे मासे. त्यासाठी खेळ उघडून बसावं लागतं. दुसरी म्हणजे टिप डेस्क. तिथे दर मिनिटाला ठरावीक मासे आपोआप जमतात, खेळ बंद असला तरीही. मात्र हा गल्ला एका मर्यादेपर्यंतच भरतो, मग थांबतो. रात्री दहाला खेळ बंद करून सकाळी आठला उघडला, तर दहा तासांचे मासे मिळत नाहीत. मर्यादेइतकेच मिळतात.

म्हणून कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्यामुळे मिनिटाची टिप किती वाढते ते पाहा आणि किमतीला त्या आकड्याने भागा. समजा, एक टेबल १२,००० माशांचं आहे आणि त्याने मिनिटाला २० मासे वाढतात. १२,००० भागिले २० म्हणजे ६०० मिनिटं. दुसरी वस्तू ४०,००० ची आहे, पण मिनिटाला १०० वाढवते. तिची किंमत ४०० मिनिटांत वसूल होते. दिसायला महाग असली तरी ती आधी घ्यावी.

आता यात गल्ल्याची मर्यादा धरा. समजा गल्ला २ तासांत भरतो आणि तुम्ही दिवसातून दोनदाच खेळ उघडता. म्हणजे रोज २४० मिनिटांचीच टिप पदरात पडते. मग ती ६०० मिनिटं अडीच दिवसांची होतात आणि ४०० मिनिटं पावणेदोन दिवसांच्या आसपास जातात. तुमचे दोन-तीन दिवस इथूनच आले असणार. सकाळी, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी आणि झोपण्याआधी असं चार वेळा एकेक मिनिट खेळ उघडून गल्ला रिकामा केला, तर काहीही विकत न घेता या वाटेची कमाई दुप्पट होते.

पुष्कळांची आणखी एक चूक होते. नव्या थीमची, म्हणजे वेगळ्या सजावटीची, खुर्ची घेतली की जुनीचे स्टार, म्हणजे वस्तू घेतल्यावर हॉटेलला मिळणारे गुण, जातील, या भीतीने ते थांबून राहतात. स्टार घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे जमा होत जातात. मांडणीत कुठली खुर्ची दिसते याचा त्यांच्याशी संबंध नाही. तेव्हा आवडती थीम खुशाल मांडून ठेवा. हॉटेल आपल्याला हवं तसं दिसावं, हीच तर या खेळाची खरी गोडी आहे.

एक प्राणी कित्येक दिवस काळ्या सावलीसारखाच दिसतोय. तो येतच नाही. (वाचक, सोलापूर)

त्याची अट पूर्ण झालेली नाही. गिऱ्हाइकांच्या वहीत त्या सावलीवर बोट ठेवा. कुणाला ठरावीक स्टार लागतात, कुणाला विशिष्ट पदार्थ, कुणाला एखादी वस्तू. अट पूर्ण केल्यावरही तो लगेच येतोच असं नाही. हॉटेलची जाहिरात करण्याचं बटण दाबून गिऱ्हाइकं बोलावत राहावं लागतं.

बक्षिसासाठी दाखवलेली व्हिडिओ जाहिरात पूर्ण पाहिली तरी बक्षीस मिळत नाही. कधी ‘व्हिडिओ उपलब्ध नाही’ असं येतं. (वाचक, बडोदा)

या खेळात जाहिरात बघायची की नाही हे आपल्या हातात असतं, आणि खेळणाऱ्यांना तो आवडण्याचं हे मोठं कारण आहे. म्हणूनच मुद्दाम पाहिलेल्या जाहिरातीचं बक्षीस बुडालं की जास्त लागतं.

आधी फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ तपासा. तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता घातलेला असेल तर व्हिडिओ येणारच नाही. तो ‘ऑटोमॅटिक’ करा. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारं अ‍ॅप, चालू असेल तर बंद करून पाहा. फोनची तारीख-वेळही आपोआप ठरणारी असू द्या. वेळ पुढे ढकलून गल्ला भरायची युक्ती बरेच जण सांगतात, पण त्याने खेळातली घड्याळं बिघडतात आणि रोजची बक्षिसं अडकून बसतात.

व्हिडिओ संपल्यावर प्ले स्टोअर उघडलं तर मागे येऊन फुलीचं चिन्ह दिसेपर्यंत थांबा. काही जाहिरातींत दोन फुल्या लागोपाठ येतात आणि बक्षिसाची नोंद दुसरीनंतर होते.

‘नेको अत्सुमे’ या अंगणात मांजरं जमवण्याच्या खेळात एक जाडं मांजर सगळं खाणं फस्त करतं. त्याला हाकलता येतं का? (वाचक, ठाणे)

नाही, आणि हाकलूही नये. ‘हिट-पॉइंट’ या जपानी कंपनीने २०१४ साली आणलेल्या या खेळात त्याचं नाव मानझोकु-सान, म्हणजे ‘तृप्त महाशय’. इंग्रजीत तो टब्स. तो वाडगा रिकामा करतो, पण जाताना चांदीचे मासे भरपूर ठेवून जातो. नुकसान होतं ते नंतर वाडगा रिकामाच राहिल्यामुळे, कारण खाणं नसलं की दुसरं मांजर फिरकत नाही. महागडं खाणं दोन-तीन तासांत परत पाहता येणार असेल तेव्हाच घाला. रात्री फुकटचं साधं खाणं पुरतं.

साठलेली चांदी खेळण्यांवर उधळू नका. ५०० चांदीच्या माशांचे १० सोन्याचे होतात. घर वाढवायला १८० सोन्याचे लागतात, म्हणजे सगळे चांदीतून करायचे तर ९,००० चांदीचे. आधी ते करा. मात्र त्यानंतर आत आणि बाहेर असे दोन वाडगे भरावे लागतात.

सहा वर्षांच्या मुलीने अशाच एका खेळात हिरे विकत घेतले. पैसे परत मिळतील? (वाचक, नाशिक)

अँड्रॉइडवर खरेदीपासून ४८ तासांच्या आत गुगल प्लेकडे परताव्याची मागणी करा. प्ले स्टोअरच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातल्या खरेदीच्या यादीत ती नोंद सापडेल. कारण विचारल्यावर खरेदी मुलीने परवानगीशिवाय केली, असं स्पष्ट लिहा. ४८ तास उलटले असतील तर खेळ बनवणाऱ्यांना ऑर्डर क्रमांकासह कळवा. तो क्रमांक पावतीच्या ईमेलमध्ये असतो. आयफोनवर अर्ज अ‍ॅपलकडे करायचा.

मग आजच प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करा. तुमचाच फोन असेल तर मुलीचं बोट त्यात नोंदवलेलं नाही ना, हेही पाहा. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये अ‍ॅपमधल्या खरेदीला परवानगीच नाकारता येते.

आणि खेळ रागाने काढून टाकण्याआधी त्यातली प्रगती खात्याशी जोडलेली आहे का ते बघून घ्या. जोडलेली नसेल तर अ‍ॅपबरोबर तिचं सगळं हॉटेल पुसलं जाऊ शकतं. जागा कमी पडत असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमधून ‘कॅशे’, म्हणजे तात्पुरत्या फाइली, साफ करा, ‘डेटा’ नको.