इम्प्लांटच्या रचनेत स्कल्प्टिंग कुठे आणि कॅड कुठे

तुम्ही विचारले आहे की, चित्रपट आणि गेम यांच्यासाठी अनेक वर्षे पात्रांची डोकी घडवून झीब्रश आणि ब्लेंडर या त्रिमिती आकार घडवण्याच्या संगणक-साधनांवर हात बसलेला असताना, रुग्णाच्या मापाने बनणाऱ्या इम्प्लांटच्या कामाकडे वळायचे असेल तर तेवढे स्कल्प्टिंग (पडद्यावरचा आकार ब्रशने मातीसारखा घडवणे) पुरते, की इंजिनिअरचे कॅड (मापांच्या आकड्यांवरून संगणकावर रचना करणे) मुळापासून शिकावे लागते. मी कवटीच्या आणि चेहऱ्याच्या हाडांच्या इम्प्लांटचे काम बरीच वर्षे करत असल्याने सविस्तर लिहितो. दोन्ही लागतात, मात्र एकाच इम्प्लांटच्या वेगवेगळ्या पृष्ठभागांसाठी लागतात, आणि कोणता पृष्ठभाग कोणाच्या हाती सोपवायचा हे ओळखण्यातच या कामाचे बहुतेक कसब आहे.

कवटीचे उदाहरण घेऊ. मेंदूला सूज आल्यामुळे किंवा अपघातानंतर कवटीचा एक तुकडा काढून टाकलेला असतो आणि काही महिन्यांनी ते भगदाड झाकायचे असते. त्यासाठीच्या इम्प्लांटला तीन बाजू असतात. बाहेरची बाजू त्वचेखाली राहते आणि रुग्ण रोज आरशात तिलाच पाहतो. आतली बाजू मेंदूच्या आवरणाकडे असते. तिसरी बाजू म्हणजे कड, जी जिवंत हाडाला भिडते. बाहेरच्या बाजूवर तुमचा हात हवा आहे, कारण कपाळाचा उतार किंवा कानशिलाचा खोलगटपणा कोणत्याही समीकरणात नीट बसत नाही. आतली बाजू बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूपासून ठरावीक जाडी आत सरकवून मिळते. कडेला मात्र ब्रश लावायचा नाही, आणि ज्या हाडावरून ती कड घेतली त्या हाडाला तर मुळीच नाही.

हा नियम मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका कवटीच्या मॉडेलवर स्कॅनच्या थरांमुळे पायऱ्या दिसत होत्या. डोळ्यांना त्या खुपल्या म्हणून मी भगदाडाची कड स्मूथ ब्रशने साफ केली आणि त्या साफ कडेवरून इम्प्लांट बेतले. साधे स्मूथिंग प्रत्येक बिंदूला शेजारच्या बिंदूंच्या सरासरीकडे ओढते, त्यामुळे बाहेर आलेला भाग झिजतो. म्हणजे हाडाची कड मागे सरकली, भगदाड प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसू लागले आणि इम्प्लांटही तेवढेच मोठे झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी ते आत बसेना. पीक नावाच्या पॉलिमरचे असल्यामुळे सर्जनना ते तिथेच घासून कमी करता आले. टायटॅनियमचे असते तर ते काम फार अवघड झाले असते. आकुंचन टाळणारी स्मूथिंगची पद्धत संगणकशास्त्रज्ञ तोबॅन यांनी १९९५ मध्येच मांडली होती आणि आज बहुतेक साधनांत ती मिळते, तरी हाडाच्या संदर्भ-मॉडेलची प्रत वेगळ्या लेयरवर कुलूपबंद ठेवण्याची सवय मी तेव्हापासून सोडलेली नाही.

खरे तर चूक त्याही आधी, स्कॅनपासूनच सुरू होऊ शकते, आणि स्कल्प्टिंगकडून येणाऱ्यांना हा भाग पूर्णपणे नवा असतो. तुमच्या हातात येणारे मॉडेल म्हणजे हाड नसून हाडाविषयी कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. सीटी स्कॅनमधल्या प्रत्येक बिंदूला हाउन्सफील्ड एककात एक मूल्य असते. पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर आणि हाड काही शेकड्यांच्या वर. कोणत्या मूल्यापासून हाड मानायचे हा उंबरठा माणूस ठरवतो आणि त्यानंतरच त्रिकोणांची जाळी तयार होते. उंबरठा थोडा वर नेला की हाड बारीक होते, खाली आणला की फुगते. डोळ्याच्या खोबणीचा तळ इतका पातळ असतो की एकाच बिंदूत हाड आणि हवा यांची सरासरी होते, आणि मॉडेलमध्ये जिथे छिद्र दिसते तिथे रुग्णाचे हाड शाबूत असू शकते. म्हणून जाळीवर शंका आली की मूळ करड्या प्रतिमेकडे परत जायचे; मॉडेलवरच विचार करत बसायचे नाही. थराची जाडी एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेले स्कॅन मागावे. स्कॅन जुने असेल तर तारीखही पाहावी, कारण मधल्या काळात भगदाडाच्या कडेचे हाड विरघळून मागे गेलेले असू शकते. लहान मुलांच्या बाबतीत कवटीच वाढत असते, तेव्हा ही काळजी दुप्पट.

आता बाहेरच्या बाजूकडे येऊ. दुसऱ्या बाजूची कवटी आरशासारखी उलटवून भगदाडावर बसवणे ही पहिली पायरी, पण कोणतीच कवटी पूर्ण सममित नसते, त्यामुळे उलटवलेला भाग कुठेतरी दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली राहतोच. संपूर्ण डोक्यावर सर्वोत्तम जुळणी शोधण्यापेक्षा भगदाडाभोवतीच्या पट्ट्यापुरती जुळणी करावी आणि उरलेली पायरी ब्रशने सांधावी. इथे स्कल्प्टरचा डोळा कोणत्याही आपोआप चालणाऱ्या साधनापेक्षा सरस ठरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. भगदाड मध्यरेषा ओलांडत असेल तर उलटवण्यासारखे काही उरत नाही. मग मिळत्याजुळत्या कवटीचा आकार आधाराला घेऊन बाकी सारे घडवावे लागते. एक गोष्ट मात्र सुरुवातीला मनाला पटत नाही: सुंदर, भरदार गोलाई अनेकदा चुकीची असते. महिनोन्महिने हाडाचा आधार नसलेली डोक्याची त्वचा आक्रसलेली असते आणि तिच्याखाली पूर्ण फुगवट्याचे इम्प्लांट ठेवले तर टाके घालताना ताण येतो. कानशिलावर चघळण्याचा स्नायूही असतो आणि पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तो बारीक झालेला असू शकतो. तिथे हाड हुबेहूब घडवले तरी बाहेरून खळगा दिसतो. किती दाबायचे आणि किती भरायचे हे सर्जनशी बोलूनच ठरते.

कडेचे काम कॅडच्या विचाराने करायचे, मग साधन कोणतेही असो. सर्जन इम्प्लांट कोणत्या दिशेने आत ठेवणार ती दिशा आधी निश्चित करायची, त्या दिशेत अडणारे सगळे खाचखळगे भरून काढायचे, हाड आणि इम्प्लांट यांच्यात सगळीकडे सारखी बारीक फट सोडायची आणि इम्प्लांट आत घसरू नये म्हणून कडेला बाहेरच्या बाजूने उतार द्यायचा. ही सारी मापे आकड्यांत असायला हवीत, कारण सर्जननी फट वाढवायला सांगितली तर आकडा बदलून पुढची रचना पुन्हा तयार व्हायला हवी. ब्रशने घडवलेल्या कडेत हा आकडा कुठेच सापडत नाही. स्क्रूची छिद्रे, त्यांचे डोके बुडण्याची शंकूसारखी जागा, पट्ट्यांच्या खाचा आणि द्रव निचरण्याची भोके यांचेही तसेच. शंभर त्रिकोणांनी बनलेले वर्तुळ पडद्यावर गोल दिसते, पण मिलिंग मशीनसाठी आणि तपासणीसाठी अचूक दंडगोल लागतो.

या दोन जगांमधली एक वाट म्हणजे जिओमॅजिक फ्रीफॉर्मसारखी साधने. त्यांत आकार त्रिकोणांऐवजी घनबिंदूंच्या मातीतून बनतो आणि हातातली यांत्रिक लेखणी पृष्ठभागाला टेकली की बोटांना प्रतिकार जाणवतो. चेहऱ्याच्या इम्प्लांटसाठी हे साधन बराच काळ वापरात आहे. तुमच्या हाताला ते लवकर मानवेल. झीब्रशचा मात्र एक धोका सांगतो. एसटीएल फाइलमध्ये, म्हणजे त्रिकोणांची जाळी साठवणाऱ्या नेहमीच्या फाइलमध्ये, एकक लिहिलेलेच नसते, आणि झीब्रश आपल्या सोयीने मॉडेलचे माप बदलून घेते. इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत झाली तर २५.४ पटींचा फरक लगेच दिसतो, पण दोन टक्क्यांचा फरक कोणालाच दिसत नाही. म्हणून प्रत्येक निर्यातीनंतर मूळ कवटीवरचे एक ओळखीचे अंतर पुन्हा मोजायचे. डावे-उजवेही तपासायचे, कारण प्रतिमांचा क्रम कुठे उलटा वाचला गेला तर आरशातले, पण दिसायला अगदी निर्दोष हाड तयार होते.

जागा बदलली की स्कल्प्टिंगचा वाटाही बदलतो. डोळ्याच्या खोबणीचे घनफळ सुमारे ३० मिलिलिटर असते आणि त्यात साधारण एका मिलिलिटरची वाढ झाली तरी डोळा जवळजवळ एक मिलिमीटर आत जातो. तिथे घनफळ मोजल्याशिवाय डोळ्यांवर विसंबता येत नाही. खालच्या जबड्यावर चावण्याचा भार येतो, म्हणून तिथे ताणाचे गणित आधी आणि आकार नंतर. २०११ मध्ये ८३ वर्षांच्या एका महिलेला संपूर्ण खालचा जबडा टायटॅनियमच्या भुकटीतून लेझरने थरावर थर वितळवून बनवून बसवला गेला. त्याचे वजन १०७ ग्रॅम होते, नैसर्गिक जबड्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल असतो, तर हाडाच्या घट्ट बाहेरच्या थराचा साधारण २० च्या आसपास. इम्प्लांट सगळा भार स्वतःवर घेऊ लागले की शेजारचे हाड काम नसल्यामुळे झिजते. म्हणूनच आतून सच्छिद्र जाळी दिली जाते. ती जाळी हाताने घडवण्याचा मोह टाळा. तिच्या छिद्रांचे माप, दांड्यांची जाडी आणि छपाईनंतर आत अडकलेली भुकटी बाहेर पडण्याचा मार्ग या तिन्ही गोष्टी गणितानेच जुळवाव्या लागतात.

नियमांविषयी थोडेच, पण टाळता येण्यासारखे नाही. घरी बसून इम्प्लांट घडवून ते थेट रुग्णालयात पाठवता येत नाही. हे काम आयएसओ १३४८५ प्रमाणे चालणाऱ्या गुणवत्ता व्यवस्थेतच होते, जोखमीचे विश्लेषण आयएसओ १४९७१ नुसार लिहावे लागते आणि रचनेवर सर्जनची लेखी संमती लागते. ‘कस्टम’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. अमेरिकेच्या कायद्यात मात्र ‘कस्टम’ उपकरणांना आधीच्या मंजुरीतून जी सवलत आहे तिच्याखाली एका प्रकारची वर्षाला पाचपेक्षा जास्त उपकरणे बनवता येत नाहीत, आणि रुग्णाच्या शरीराला जुळवलेली बहुतेक इम्प्लांट आधी मंजूर झालेल्या जाडी, आकार आणि साहित्य यांच्या मर्यादेतच घडवली जातात. थ्रीडी स्लायसर हे स्कॅनमधून मॉडेल काढण्याचे मोफत साधन शिकण्यासाठी उत्तम आहे, पण ते संशोधनासाठी आहे. रुग्णासाठी ते किंवा ब्लेंडर वापरायचे तर त्या वापराची पडताळणी संस्थेलाच सिद्ध करावी लागते.

तेव्हा कॅडचा मोठा अभ्यासक्रम घेण्याआधी एक सराव करून पाहा. कवट्यांचे सार्वजनिक संच उपलब्ध आहेत. कवटीच्या इम्प्लांटची रचना आपोआप करण्याच्या ऑटोइम्प्लांट या २०२० च्या स्पर्धेसाठी वापरलेल्या संचासारख्या एखाद्या संचातली एक निरोगी कवटी घ्या, तिच्यात स्वतः कपाळापासून कानशिलापर्यंत भगदाड पाडा आणि कापलेला तुकडा बाजूला ठेवा. मग त्याच्याकडे न पाहता इम्प्लांट घडवा, आत ठेवण्याची दिशा आणि फट आकड्यांत लिहून ठेवा, आणि शेवटी मूळ तुकड्यावर ठेवून फरकाचा रंगीत नकाशा काढा. बाहेरच्या बाजूवर तुमचा फरक बहुधा माझ्या पहिल्या प्रयत्नापेक्षा कमीच येईल. कडेवर लाल पट्टे आले तर ते कुठे आले ते इथे नकाशासह टाका, म्हणजे फट, दिशा की स्मूथिंग, यांपैकी नेमके काय चुकले ते सांगता येईल.