विश्वाचा चॅम्पियन आणि शिवाजी पेठेतले आजोबा

वाचकांचे प्रश्न, ड्रॉइंग मास्तरांची उत्तरं

प्रश्न : नातू आठवीत आहे. परग्रहावरचे पैलवान पृथ्वीवर चाल करून येतात, असली इंग्रजी चित्रकथा मोबाईलवर वाचत बसतो. मी बारा वर्षं तालमीची माती अंगाला लावलेला माणूस. आधीच ती टीव्हीवरची कुस्ती लुटुपुटीची, त्यात हे परग्रहवाले. पोराला कुस्ती कळायची कशी?
– एक आजोबा, शिवाजी पेठ

उत्तर : आजोबा, ती ‘इन्व्हेजन फ्रॉम प्लॅनेट रेसलटोपिया’ असणार. लेखक एड कुएनेल आणि मॅट एन्टिन, चित्रं डॅन स्काडेची. भाच्यानं मला दिली तेव्हा मीही नाक मुरडलं होतं, आणि रात्री दीड वाजता संपवली.

रोरी लँडेल हा अमेरिकेतला व्यावसायिक पैलवान. वैतागलेला. टीव्हीवरच्या मुलाखतीत ठरलेलं बोलणं सोडतो आणि ‘मी अख्ख्या विश्वाचा चॅम्पियन’ असं जाहीर करून बसतो. तिथं त्याचा धंदा बसतो. पण टीव्हीच्या लहरी स्टुडिओच्या दारात थोड्याच थांबतात? सेकंदाला तीन लाख किलोमीटरनं त्या पुढं जातच राहतात. सूर्य सोडला तर सगळ्यांत जवळच्या ताऱ्यापर्यंतही चार वर्षांवर लागतात. पुढं हे बोलणं पोचतं ते पैलवानांच्याच ग्रहावर. तिथल्यांना वाटतं, हा खरंच आव्हान देतोय. ते उतरतात.

आता मला सांगा, हे परग्रहवाले कोण? मला तर ते आपल्या पेठांतलेच वाटले. कुस्तीच्या हौद्यात एखादा गडी हात वर करून गोल फिरला, तर तो नुसता बोलायला फिरतोय असं कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुणाच्या मनात तरी येतं का? जोड मिळालीच पाहिजे. आव्हान हे नाटकातलं वाक्य असू शकतं, हेच त्या ग्रहाला माहीत नाही. आमच्या वस्तादांनाही नव्हतं. गल्लीत केबल नवीन आली तेव्हा पोरांनी त्यांना टीव्हीसमोर बसवलं. एकानं दुसऱ्याला पाठीवर आपटलं, तसे वस्ताद ओरडले, “आरं, पाठ लागली की! कुस्ती झाली, आता मोजतोय काय त्यो?” मग रिंगणात लोखंडी खुर्ची आली. वस्ताद उठले, चपला घातल्या आणि गेले. आम्ही मात्र त्या पैलवानांच्या ट्रम्प कार्डांवर शाळेचे तास घालवले.

तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. निकाल आधी ठरलेला असतो. पाठ मात्र खरीच आपटते, आणि पातळ फोमखाली लाकडी फळ्या असतात. आपली माती त्या मानानं माउली. पुस्तक काढून घेऊ नका. त्या परग्रहवाल्याचा पट कसा काढशील, म्हणजे पाय धरून त्याला कसा पाडशील, एवढं विचारा. नाही सांगता आलं तर सतरंजीवर दाखवा, कंबर सांभाळून.

प्रश्न : असली कुस्ती आणि विज्ञानकथा यांची भेळ आधी कुणी केली आहे का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : जपानमध्ये 1979 पासून. ‘किन्नीकुमान’चा नायक एका ग्रहाचा राजपुत्र आणि पैलवान. ती करणारी जोडगोळी ‘युदेतामागो’ नावानं लिहिते, म्हणजे उकडलेलं अंडं. टोपणनावातसुद्धा खुराक!

प्रश्न : सर, मी कला महाविद्यालयात शिकते. चंद्रावर मातीतली कुस्ती, अशी मराठी चित्रकथा काढायची आहे. काय काय लक्षात ठेवू?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : पोरी, कागद घेण्याआधी खासबागेत जा आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर बस. रोममधलं कलोसियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी हे मैदान बांधून घेतलं, 1912 मध्ये पुरं झालं. शेवटच्या माणसालाही हौदा दिसावा म्हणून बैठक उतरती आहे. चंद्रावरचं एखादं विवर तिथूनच सुचेल.

आता अडचणी. आपल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडतं, म्हणून ती अंगाला धरते. चंद्राची माती कोरडी, काचेच्या चुऱ्यासारखी टोकदार. तिथं ताक ओतशील तर हवा नसल्यानं उकळून उडून जाईल. गुरुत्वाकर्षण साधारण एक षष्ठांश, म्हणजे 96 किलोचा गडी काट्यावर 16 किलो भरेल. लगेच त्याला खेळण्यासारखा भिरकावू नको. वस्तुमान तेवढंच राहतं, त्यामुळं धावत आलेल्याला थोपवायला इथल्याइतकाच जोर लागेल. उलट पायाची पकड सुटेल. पट काढायला घुसलेला स्वतःच घसरत पलीकडं जाईल, हे मला बघायचंच आहे. धोबीपछाड मारलास तर मीटरभर उंचीवरून खाली यायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ, पृथ्वीवर अर्ध्या सेकंदाच्या आत खेळ खलास. त्या जास्तीच्या वेळात चौकटी वाढव, प्रेक्षकांचे चेहरे काढ.

आणि हवा नाही म्हणजे हलगी नाही. वाजवणारा जीव तोडून वाजवेल, ऐकू कुणालाच येणार नाही. शड्डूचा ‘धप’ अक्षरात लिहायचा मोह आवर, ते पान मुकंच ठेव. एवढं करून तुझा पैलवान गोड चेहऱ्याचा, सरळ कानांचा निघाला, तर मी मासिक परत पाठवीन. कान तालमीत रगडून मोडलेलेच हवेत. ते हेल्मेटमध्ये बसवायचे कसे, तुझं तू बघ.