त्रिउम्फारे : जिंकणं वेगळं, मिरवणं वेगळं

स्पॅनिश शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : 'बेन्सेर' म्हणजे जिंकणं, मग त्याच अर्थाचं 'त्रिउन्फार' कशाला?

दोन्ही क्रियापदं लॅटिनमधून आलेली. 'विंकेरे' रणांगणावर घडायचं, 'त्रिउम्फारे' रोमच्या रस्त्यांवर. लढाई जिंकली तरी विजयाच्या मिरवणुकीला सिनेटची मंजुरी लागे. ती मिळाली की सेनापती चार घोड्यांच्या रथात, पुढे लूट आणि कैदी, मागे 'इओ त्रिउम्फे!' असा गजर करणारे सैनिक. त्यामुळे गॉलांना (आजच्या फ्रान्सकडच्या लोकांना) जिंकलं ते 'विंकेरे'. पण 'त्रिउम्फारे दे गाल्लिस' म्हणजे गॉलांवरच्या विजयाची मिरवणूक काढली. तो 'दे' फ्रेंचने 'त्रिओंफे द' असा अजून जपलाय.

इटालियन 'त्रिओन्फारे', स्पॅनिश-पोर्तुगीज 'त्रिउन्फार' ही याच घरातली. रोमानियन 'त्रिउम्फा' मात्र फ्रेंचमार्गे आलं. सगळीकडे मिरवणूक गळाली आणि यश उरलं. स्पॅनिशमध्ये तर एखाद्या गायिकेनं नाव काढलं तरी 'त्रिउन्फार'च. तिथे कुणी हरलेलं असावंच लागत नाही. 'बेन्सेर'ला मात्र बहुतेक वेळा समोर कुणीतरी लागतं, निदान स्वतःची भीती तरी. माझ्या मते 'त्रिउन्फार'ला मराठीत 'जिंकणे'पेक्षा 'यशस्वी होणे' जवळचं.

मला सगळ्यात आवडतो तो यातला 'फ'. जुन्या लॅटिनमध्ये तिथे साधा 'प' होता. रोममधल्या आर्वाल नावाच्या पुजाऱ्यांच्या प्राचीन स्तोत्राच्या शेवटी 'त्रिउम्पे' पाच वेळा येतं. पुढे ग्रीकच्या प्रभावानं 'फ' रुळला. ओठ मिटून, 'फणस'मधला, आपला अस्सल फ. पूर्वज 'प' म्हणत हे ठाऊक असल्यामुळे रोमन वक्ता सिसेरोही आधी 'त्रिउम्पुस'च (विजययात्रा) म्हणायचा. शेवटी कान फारच कुरकुरू लागले तेव्हा त्यानं उच्चार लोकांचा घेतला आणि ज्ञान स्वतःपाशी ठेवलं, असं तो इ.स.पू. ४६ मध्ये लिहितो. त्याच वर्षी सीझरच्या लागोपाठ चार विजययात्रा निघाल्या. म्हणजे हा शब्द तेव्हा रोममध्ये केवढा कानावर पडत असेल!

एक धागा पत्त्यांपर्यंतही जातो. १५व्या शतकात इटलीत 'त्रिओन्फी' नावाची पानं आली, इतर पानांना मारणारी. स्पॅनिश 'त्रिउन्फो', पोर्तुगीज 'त्रुन्फो', इंग्रजी 'ट्रम्प' ही त्यांचीच नावं. आपण मेंढीकोटात त्याला हुकूम म्हणतो, आणि तो शब्द अरबी.