उदासीनीकरणात उदास कोण?

प्रश्न असा आहे: आम्ल (ॲसिड) आणि आम्लारी (बेस) एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, त्याला 'उदासीनीकरण' का म्हणायचं? त्यात उदास होण्यासारखं काय आहे? 'तटस्थीकरण' बरं नाही का?

आधी एक सांगून टाकतो. 'आम्ल आणि क्षार यांची अभिक्रिया' हे जे सर्रास कानावर येतं, ते थांबवा. हिंदीत अल्कलीला क्षार म्हणतात आणि आपल्या क्षाराला लवण. तो हिशेब तिकडचा. मराठी रसायनशास्त्रात क्षार म्हणजे या अभिक्रियेतून निघणारा पदार्थ: मीठ, मोरचूद, सोरा. आम्लाशी भिडतो तो आम्लारी.

आता उदास. या शब्दाला दुःखाचा रंग नंतर चढला. तुकोबांचं 'उदास विचारें वेच करी' आठवा. तोंड पाडून पैसे खर्चा असं ते सांगत नाहीत, आसक्ती न ठेवता खर्चा म्हणतात. उदासीन म्हणजे उद् + आसीन, अलिप्त होऊन बसलेला.

आणि खरा आनंद आहे तो 'आम्लारी'त! आम्ल + अरि. मुरारी, त्रिपुरारी यांतला तोच अरि, शत्रू. अरि आणि उदासीन ही जोडी राजनीतीतली. कौटिल्याच्या राजमंडलात अरि, मित्र, मध्यम, उदासीन असे राजे आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या नवव्या श्लोकात तर मित्र, अरि आणि उदासीन एकाच समासात बसले आहेत. हे शब्द घडवताना हेच मंडल मनात होतं, असं माझं ठाम मत आहे.

'तटस्थ'चा आग्रह धरणाऱ्या पंडितांनी परीक्षानळीत डोकावलेलंच नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घ्या. झुंज होते ती हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची. त्यांचं पाणी होतं, मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता निघते, द्रावण तापतं. सोडियम आणि क्लोराइड आयन मात्र होते तसेच राहतात. पाणी आटवलं तरच त्यांचं मीठ हाती येतं. तटस्थ तटावर उभा असतो. हे दोघे पाण्यातच आहेत, फक्त कशात पडत नाहीत. यांना उदासीन नाही म्हणायचं तर कोणाला?

ॲसेटिक आम्लासारखं सौम्य आम्ल त्याच सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर समप्रमाणात घेतलं, तर द्रावण किंचित आम्लारीधर्मी राहतं. तिथे शब्द तोकडा पडतो, मान्य. पण तिथे 'तटस्थ'ही तितकाच तोकडा पडेल.

आणि 'उदासिनीकरण' असा ऱ्हस्व 'सि' लिहू नका. आसीनमधला 'सी' दीर्घ आहे.