वाघाची वधू आणि आपला वाघोबा

प्रश्न : अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेच्या 'द ब्लडी चेंबर' या कथासंग्रहातली 'द टायगर्स ब्राइड' (वाघाची वधू) ही कथा नुकतीच वाचली. परीकथेत शापित पशूचा राजपुत्र होतो. इथे मात्र तरुणीच शेवटी वाघीण होते. हा तिचा अधःपात समजावा काय? आमच्या भागात वाघोबाला शेंदूर लावून नारळ वाहतात, त्या श्रद्धेशी या कथेचे नाते जोडता येईल काय? आणि हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे काय?
— एक शिक्षिका, भद्रावती तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : अधःपात खचितच नाही. त्या कथेत अधःपात कोणाचा झाला आहे, हे पहिल्याच वाक्यात कळते : बापाने पत्त्यांच्या डावात पोटची मुलगी गमावली आहे. द्रौपदी पणाला लागल्याची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला त्यातले निर्ढावलेपण समजावून सांगावे लागणार नाही. तिला जिंकणारा वाघ माणसाचे सोंग घेऊन वावरतो. चेहऱ्यावर नको इतका रेखीव मुखवटा, हातांत मोजे, अंगाला अत्तराचा घमघमाट, आणि बोलणे असे की नोकराने उलगडून सांगावे तेव्हा कळावे. अंगावर काटा येतो तो या सोंगामुळे. नदीकाठी तो सोंग उतरवून वाघ म्हणून समोर उभा राहतो, तेव्हा तिच्या मनातली भीती निराळी होते, तिच्यात आदर मिसळतो. पुढे ती बापाकडे आपल्याऐवजी चावीवर चालणारी बाहुली धाडायचे ठरवते (आज्ञाधारक लेकीचे काम बाहुलीनेही भागते, हा टोमणा मला साऱ्या कथेत अधिक झोंबला), आणि वाघाच्या खरखरीत जिभेखाली तिची कातडी थरामागून थर निघत जाऊन आतली लव उघडी पडते.

तरीही पशू होणे म्हणजेच मुक्ती, असा सिद्धांत यातून काढू नये. १९७९ साली निघालेल्या 'द ब्लडी चेंबर' या त्याच संग्रहात, बोमाँबाई या फ्रेंच लेखिकेच्या १७५६ मधील 'ब्यूटी अँड द बीस्ट' (सुंदरी आणि पशू) या परीकथेला धरून चालणारी दुसरी कथा आहे आणि तिच्यात पशूचा माणूसच होतो. दोन्ही शेवट शेजारी शेजारी ठेवले आहेत, ते मुद्दाम.

वाघोबाशी नाते जोडताना मात्र सावध राहावे, असे माझे मत आहे. इंग्लंडच्या रानात वाघ कधी नव्हताच, आणि लांडगेही काही शतकांपूर्वीच संपले. त्यामुळे तिथल्या लेखिकेला माणूस आणि श्वापद यांच्यातली रेघ कागदावर निर्धास्तपणे पुसता आली. जिथे पहाटे मोहफुले वेचायला वाकलेल्या बाईला झुडपाआड वाघ असेल या धास्तीने सारखी मान वर करून पाहावे लागते, तिथल्या लोकांनी ती रेघ पुसलेली नाही, जपली आहे. वाघोबाला देव मानले, प्रसंगी नात्यातल्यासारखी हाक मारली, पण त्याने त्याच्या हद्दीत राहावे आणि आपण आपल्या, हा करार त्या पूजेत गृहीत असतो. ताडोबाच्या तलावाकाठी ज्याचे ठाणे आहे तो तारू, लोककथेप्रमाणे, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. वाघ झाला नाही. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारीसुद्धा वाघाशी गप्पा मारते ती त्याला चकवण्यापुरतीच. तेव्हा दोन्हीकडे वाघ पूज्य असला, तरी कार्टर यांची नायिका ज्या उंबरठ्याला ओलांडते, तोच आपली लोककथा राखते. वर्गात तुलना करायचीच असेल तर हा फरक धरून करावी. साम्य शोधत बसल्यास दोन्ही कथांचे नुकसान होईल.

ग्रंथालयाविषयी थोडक्यात : या परीकथा मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत. त्यांत शरीरसंबंध आणि हिंसा यांची वर्णने आहेत, म्हणून संग्रह शिक्षकांच्या कपाटात ठेवावा आणि मुलांना भोपळ्याची गोष्ट सांगावी.